मामांचा पहिला सूर

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या नाताळात मी एक कोत्या मनाचं काम केलं. मी आमच्या चर्चचा सेक्रेटरी होतो. नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब उपासनेला येणार म्हणून मी मामांचं गाणं रद्द करून टेप लावायचं ठरवलं.

मामा, सगळ्या गावाचेच मामा, हातपंप दुरुस्त करायचे. नाताळाचं पहिलं गाणं वर्षानुवर्षं त्यांचंच. त्यांनी सूर धरला की सगळी मंडळी उभी राहायची. दुष्काळातल्या मे महिन्यात, कोरड्या पंपावर पाना फिरवतानाही ते तेच गात. घागरी घेऊन थांबलेल्या बायका चिडवायच्या, "मामा, ह्या उन्हात कुठला नाताळ?"

"गाणं काय क्यालेंडर बघून येतंय व्हय?"

त्या सकाळी टेप सुरू झाली आणि कुणीच उठेना. सगळे मामांकडे बघत बसले. पाहुणे गोंधळले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून मामा उठले आणि त्या परक्या आवाजाला मान डोलावत उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले.

बाहेर मामा मला म्हणाले, "मशीन ब्येस हाय, सेक्रेटरी. सुरात हाय."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते झोंबत राहिलं. शेवटी एका रविवारी मी भर उपासनेत उठलो.

"मामा, साहेबांपुढं मला तुमच्या गावरान बोलीची लाज वाटली, म्हणून तुमचं गाणं मी काढलं. चूक माझी एकट्याची. मला माफ करा."