अक्कांचं पान आणि माझी गोळी

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बंगळूरची हवा म्हणजे स्वर्ग, असं लग्न जमवणाऱ्यांनी सांगितलं होतं. स्वर्गात नाकं वाहतात हे सांगायचं राहून गेलं. चामराजपेटेतल्या सासरी पाऊल टाकलं आणि तिसऱ्या दिवशी शिंका सुरू झाल्या, त्या दोन महिने थांबल्या नाहीत.

सासरचे लोक मराठीच, पण काही पिढ्यांपूर्वी इकडे येऊन मुरलेले. सासूबाईंना अख्खं घर, त्यांची स्वतःची मुलंसुद्धा, अक्का म्हणायची. सासरे अण्णा. अक्का मराठी बोलल्या की मला कन्नड वाटायचं आणि कन्नड बोलल्या की त्या भांडतायत असं वाटायचं. तशा त्या प्रेमळ होत्या. सर्दीच्या बाबतीत मात्र हुकूमशहा.

गच्चीच्या जिन्यापाशी फुटक्या बादलीत त्यांचं दोड्डपत्रे होतं. आपण त्याला पानओवा म्हणतो. जाड, लवदार पान, चुरगळलं की ओव्याचा भपकारा. अक्का चार पानं तव्यावर टाकायच्या, लुळी पडली की मुठीत पिळून वाटीत रस काढायच्या, त्यात मध आणि मिरपूड घालायच्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या.

"घे."

"अक्का, जेवण झाल्यावर घेते."

"स्वल्प तर आहे. नाक धर आणि घे."

नाक धरायची गरज नव्हती, ते आधीच बंद होतं. तरीही चव लागलीच. ओव्याच्या काढ्यात कुणीतरी जुना स्वेटर भिजत घालून ठेवल्यासारखी. दुसऱ्या दिवसापासून मी तो रस गालात धरून, मान डोलावत, हसतमुखाने मोरीपर्यंत जायला शिकले. आणि दोन महिन्यांनी कंटाळून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणली. तीन दिवसांत नाक मोकळं.

अक्कांनी हे अर्थातच दोड्डपत्र्याच्या नावावर जमा केलं. भाजीवाला, दूधवाला, देवळातले पुजारी, सगळ्यांना कळलं. दुपारी बायका यायच्या आणि अक्का मला हाक मारायच्या. मी समोर उभी राहून दीर्घ श्वास घेऊन दाखवायची. देवी नवसाला पावल्याचा पुरावा म्हणून.

समोरच्या घरात एक मावशी राहायच्या. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या त्या. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी त्यांना सडकून सर्दी झाली. अक्कांनी त्यांना रस पाजला. मग मी पाणी द्यायच्या निमित्ताने मागच्या दारी गेले आणि त्यांच्या हातात माझी एक गोळी ठेवली. हीसुद्धा घ्या म्हटलं, उद्या हळदीकुंकवात आपलं भजन आहे ना.

मावशी जबाबदार बाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी गोळी घेतली. पहिलं भजन उत्तम झालं. दुसऱ्यात भाता मंदावत गेला. तिसऱ्याच्या मध्यावर त्यांचं डोकं पेटीवर टेकलं, सगळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकदम भेसूर ओरडल्या आणि मावशी चक्क घोरायला लागल्या. नाक मोकळं होतं, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

घरी येऊन स्वयंपाकघरात शिरल्यावर अक्का म्हणाल्या, "दोड्डपत्र्यानं झोप कशी येईल?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांचा चेहरा इतका बिचारा झाला होता की मी सगळं सांगून टाकलं. गोळी, मोरी, मावशी, सगळं.

"म्हणजे माझा रस मोरीत?"

"पहिल्या दिवशी घेतला होता, अक्का. शपथ."

"सरी," म्हणजे ठीक आहे, त्या एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. ते "सरी" शिवीपेक्षा जास्त लागलं. चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. दोड्डपत्र्याला पाणीसुद्धा घातलं नाही. मीच गुपचूप घालत होते. मला खरंच वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगावं हे कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी अण्णा शिंकायला लागले.

"गोळी दे त्यांना," अक्का भिंतीकडे बघत मला म्हणाल्या.

"गोळी कशाला?" अण्णा गडबडले. "मला रसच पाहिजे. तीस वर्षं घेतोय."

अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की मी पाटाखाली जायची बाकी होते. रस झाला. वाटी घेऊन अण्णा नेहमीप्रमाणे देवघराकडे निघाले. देवासमोर बसूनच औषध घ्यायची त्यांची पद्धत, त्याचं अक्कांना मोठं कौतुक. पण माझ्या मोरीप्रकरणानंतर त्यांचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. त्या पाठोपाठ गेल्या. त्यांच्यामागे मी.

अण्णा देव्हाऱ्याखालचं कपाट उघडून, गंगाजलाच्या तांब्यामागून काढलेल्या बाटलीतली ब्रँडी वाटीत ओतत होते.

"तीस वर्षं?" अक्कांनी विचारलं.

"पान चांगलंच आहे ग," अण्णा कळवळून म्हणाले. "पण याच्याशिवाय उतरत नाही."

अक्कांनी आधी देवाकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग माझ्याकडे. मी ओठ घट्ट दाबून धरले होते. कुणाला आधी हसू फुटलं ते आठवत नाही, पण अक्का हसता हसता जमिनीवरच बसल्या, पदर तोंडाला लावून. मग त्यांनी अण्णांच्या हातातली वाटी घेतली, वास घेतला आणि एक घोट प्यायल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. अजून एक घोट घेतला. "हे तर बरं लागतंय."

मग अक्का स्वतः उठून तव्यावर आणखी पानं टाकायला गेल्या. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तेव्हा आम्ही तिघं देवघराच्या उंबऱ्याशी वाट्या घेऊन बसलो होतो.

"तिघांनाही सर्दी झाली?" त्यानं काळजीनं विचारलं.

"अजून नाही झाली," अक्का म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चौथी वाटी आणायला मला आत पाठवलं.