मी लिहिलेला तडा

धातूची कोणतीही वस्तू हातात आली की मिस्त्री ती आधी कानाशी नेत. वाकवलेल्या बोटानं टक् करून मारत आणि डोळे मिटून ऐकत. माझा जेवणाचा डबा, चहावाल्याची किटली, साहेबांच्या टेबलावरची घंटा, काहीच सुटायचं नाही.

"काहून ठोकता हो मिस्त्री?" कोणी विचारलं की म्हणत, "बोलते का पाहून राहिलो. चांगली ओतली असन तं बोलते, नाही तं खोकलते."

नागपुरात आमच्या खात्याचं पंपांचं वर्कशॉप होतं. खात्याचं नाव लिहीत नाही. जे केलं ते मी केलं, आणि आता वय झालं म्हणून लिहून ठेवतो आहे. मिस्त्री तिथं ओतकाम बघत, आणि इंजिनिअर म्हणून त्यांचा माल मी तपासत असे. कन्हान नदीची वाळू, घोड्याची लीद आणि काकवी कालवून साचा बसवायचा आणि त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. टांगेवाले लीद फुकट देत, पण मिस्त्री ती निवडून घेत. "हा घोडा कडबा खाते, याची चालते. तो चने खाते, त्याची नको." एकदा एक टांगेवाला चिडला. "अबे, मग घोड्यालेच नौकरीवर ठेव ना!"

"ठेवला असता," मिस्त्री म्हणाले, "पर तो साहेबायचं ऐकत नाही."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामाबाहेर त्यांचं जग नसतं, आणि त्या कामात त्यांना फसवणं फार सोपं असतं.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. शहर वाढत होतं, नंदनवनकडे नवी घरं उठत होती आणि त्यांना पाणी हवं होतं. परदेशी कर्जातून नवे पंप आले. त्यांच्यातला पाणी वर फेकणारा बिडाचा पंखा झिजायचा; तो बदलावा लागणार होता. मिस्त्रींनी नमुना उलटसुलट पाहिला आणि आठ दिवसांत तसाच दुसरा ओतून माझ्यापुढे ठेवला.

आमच्या मुख्य साहेबांना आनंद झाला नाही. कर्जाच्या कागदात अट होती: माल कर्ज देणाऱ्या देशातूनच घ्यायचा, आणि तो इथं बनत नाही असा दाखला जोडायचा.

"पंखा इथं बनतो असं कागदावर गेलं तर सगळी यादी अडकेल," साहेब म्हणाले. "लोकांना पाणी हवंय की मिस्त्रीचं कौतुक?" मग फाईल बंद करता करता त्यांनी सांगितलं, "पंपांच्या ट्रेनिंगला एक इंजिनिअर तिकडे पाठवायचाय. तुझं नाव दिलंय."

ओतलेल्या वस्तूत तडा आहे का, हे पाहायची साधी रीत असते. वस्तू रॉकेलनं भिजवायची, कोरडी पुसायची आणि वरून चुना फासायचा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल झिरपून चुन्यावर काळी रेघ उमटते. बनवणाऱ्यानं निकाल पाहायला थांबायचं नाही, असा नियम होता. मिस्त्री जेवायला गेले. मी तासभर त्या पंख्यासमोर बसलो. चुना पांढरा राहिला. मी तो धुऊन टाकला आणि रिपोर्टात लिहिलं: तडा आढळला.

मिस्त्री परत आले. बोटानं ठोकून पाहिलं. "साहेब, बोलून तं चांगला राहिला."

"कानाला न कळणारेही तडे असतात, मिस्त्री."

"कुठून गेला होता?"

याचा मी विचारच केला नव्हता. तोंडात आलं ते बोललो, "पात्याच्या मुळाशी."

नापास झालेला नग ज्याचा त्यानं फोडायचा, ही भट्टीवरची जुनी चाल. मिस्त्रींनी घण उचलला. पंखा लवकर फुटेना. फुटला तेव्हा त्यांनी तुकड्याची फुटलेली कड उन्हात धरली. "दाणा तं साफ दिसते," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

सहा महिन्यांनी मी परदेशातून आलो. मिस्त्रींनी एकच विचारलं, "तिथली वाळू कशी हाय?" मी पाहिली नव्हती. तोवर भट्टी बंद झाली होती आणि त्यांना स्टोअरमध्ये, बाहेरून आलेल्या लाकडी पेट्या उघडायच्या कामावर बसवलं होतं. नवा पंखा निघाला की ते त्याच्या पात्याच्या मुळाशी ठोकत. चहाच्या वेळी खडूनं फरशीवर पातं काढून मला समजावत, "इथं बीड पहिले थंडं झालं असन. पातळ पडलं माह्याकडून. जाड करा लागत होतं." मी म्हणायचो, "असेल." नसलेल्या तड्याचं कारण हा माणूस वर्षानुवर्षं शोधत होता, आणि मी चहा पीत होतो.

मग रुपयाची किंमत उतरवली गेली आणि तीच पेटी दीडपटीहून महाग झाली. पुढं बांगलादेशची लढाई झाली. ज्यांचं कर्ज होतं त्यांचं आपल्याशी बिनसलं. पेट्या थांबल्या, हप्ते थांबले नाहीत. दूरच्या राजधान्यांत कोण कोणावर रुसलं ते आम्हाला पेपरातून कळे, आणि त्याचा अर्थ नंदनवनच्या नळावर. बायका सकाळपासून घागरी मांडून बसत. "काहून वं, आज येते का पाणी?" "साहेबाले विचार, तो पाहा कसा तोंड लपवून चालला!" तो साहेब आता मीच होतो.

मी मिस्त्रींना बोलावलं. "पंखा ओता."

"नको साहेब. माह्या हातात तडा हाय. लोकायच्या पाण्याचा सवाल हाय."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पाणी आलं असतं. त्यांचा हातही त्यांना परत मिळाला असता. पण दाराशी दोन कारकून उभे होते. मी म्हणालो, "मुळाशी जरा सांभाळा, म्हणजे झालं."

त्यांनी भट्टी पुन्हा उभी केली. पंखा ओतला, आणि सगळी अक्कल लावून पाती मुळाशी जाड केली. त्या जाडीनं पंख्याचा तोल बिघडला; पंप सुरू होताच अंगात आल्यासारखा थरथरायला लागला. बेअरिंग गेलं. मिस्त्रींनी त्या तापलेल्या पंपावर हात ठेवला आणि जवळजवळ समाधानानं म्हणाले, "पाहा. मी म्हणलो होतो."

त्या पंख्याचा रिपोर्ट मी अगदी खरा लिहिला.

निवृत्तीनंतर ते सावनेरला मुलाकडे राहायला गेले. काही वर्षांनी पेन्शनच्या कागदासाठी ऑफिसात आले. तेव्हा माझी नोकरी वर्षभर उरली होती. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे चुना पांढराच होता?"

"पांढराच."

त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. "पोराले लई हौस होती साहेब, भट्टीची. मी जवळ येऊ नाही देलं. म्हटलं, आपल्या घरच्या हातात तडा हाय, तू खदानीत जा. माह्या बापानं, आज्यानं हेच काम केलं होतं."

मी माफी मागितली.

"मले काय सांगता?" ते उठले. "त्याले सांगा."

मिस्त्री वारल्याचं कळलं, त्यानंतर मी सावनेरला गेलो. खाणीच्या फाटकापाशी उभा राहिलो. दुपारची पाळी सुटली. माणसं बाहेर येऊ लागली, सगळी कोळशानं काळी, डोळे तेवढे दिसणारी. मिस्त्रींच्या मुलाला मी कधी पाहिलं नव्हतं. एकजण माझ्यापाशी थांबला.

"कोन पाह्यजे, बाबूजी?"

"कोणी नाही. वाट चुकलो."

"चला मंग, स्टँडापर्यंत सोडतो. ऊन लई हाय."

तो दमलेला माणूस माझ्यासोबत स्टँडपर्यंत चालला. मला सावलीत बसवून, नागपूरची गाडी कुठं लागते ते दाखवून मग गेला. तुझ्या वडिलांचं नाव काय, एवढंही मी त्याला विचारलं नाही.