जिलानीभाईचा सोडा

कंधारच्या बसस्टँडसमोर जिलानीभाईची सोड्याची गाडी. डॉक्टरकीची पदवी त्याला कोणी दिली नव्हती, त्यानं ती परस्पर घेऊन टाकली होती. छातीत जळजळ, पोटात गुबारा, सासुरवाडीचा पाहुणचार, सगळ्यावर एकच दवा: लिंबू, काळं मीठ आणि फटकन फुटलेली बाटली. ढेकर आला की गिऱ्हाइकापेक्षा तोच खूश. "चला, पेशंटला सुट्टी!"

चाळीस वर्षांचा दोस्त हणमंतराव रोज दुपारी यायचा, एक सोडा प्यायचा आणि सोड्याला चार नावं ठेवून जायचा.

त्या दुपारी आला तो छाती चोळत. सदरा घामानं चिंब.

"जिलानी, डावा हात जड पडलाय. सरकारी दवाखान्यात जाऊन येऊ का रे?"

"कायला पाटील? सकाळी ठेचा किती हाणला ते सांगा आधी. बसा. गॅस हाय."

पहिला सोडा झाला. दुसऱ्यात मीठ दुप्पट. तिसऱ्याला असा ढेकर आला की स्टँडवरचा कंडक्टर वळून बघू लागला. जिलानीभाईनं टाळी मागितली.

"वाटलं का बरं?"

"हाव, जरा बरं वाटून राहिलंय."

तासाभरानं हणमंतराव गाडीजवळच्या बाकावर बसल्या बसल्याच कलंडला.

नांदेडच्या डॉक्टरनं सोबत आलेल्या जिलानीभाईलाच समजावलं. रक्त अडलं की काळजाचं मांस मिनिटामिनिटाला मरत जातं. लवकर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. "इतका वेळ होतात कुठं?"

तिसऱ्या दिवशी हणमंतराव गेला.

आता कोणी छातीला हात लावला की जिलानीभाई त्याला ऑटोत कोंबतो, दवाखान्यात नेऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला लावतो. परवा एकाला खरंच गॅस निघाला. अख्खा स्टँड हसला. जिलानीभाईच्या डोळ्यांना धार लागली.

तेरवीनंतर हणमंतरावची बायको गुणाबाई आली होती, नवऱ्याच्या बाकावर बसली.

"भाईजान, शेवटी लई तरास झाला का त्यांना?"

तेरा दिवस त्यानं हेच वाक्य घोकलं होतं. "वहिनी, ते दवाखान्यात जातो म्हणले होते. मीच बसवून घेतलं."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "एक सोडा द्या."

त्यानं बाटली फोडून दिली. तिनं ती तोंडाला लावली नाही. हणमंतराव बसायचा त्या कोपऱ्यात ठेवली आणि मागं न बघता निघून गेली.

दिवस मावळेपर्यंत बाटलीतले बुडबुडे विरत गेले. जिलानीभाईनं तिला हात लावला नाही.