हर्णैचा आटलेला समुद्र

तिसगावच्या शाळेत मी नऊ वर्षं समुद्र शिकवला, पण तो एकदाही पाहिला नव्हता. भरती-ओहोटीचा धडा तर माझा खास! फळ्यावर पृथ्वी, चंद्र, सूर्य काढून मी असा काही रंगवायचो, की मागच्या बाकावरचेसुद्धा जागे राहायचे (निदान चंद्र येईपर्यंत).

बाहत्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी कोरड्या पडल्या. टँकर आला की आई कळशी घेऊन रांगेत उभी, आणि घरी आली की रोज एकच रड. "मरायच्या आधी एकदा डोळं भरून पानी बघू दे रं मला!" शेवटी मी कंटाळलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हणालो, "चल, तुला समुद्र दाखवतो."

"त्यो तरी भरल्याला हाय का?"

"आई, समुद्र कधी आटत नाही. मी शिकवतो ना पोरांना!"

तिसगाव ते नगर, नगर ते पुणे, पुणे ते हर्णै. सगळं एस.टी.तून! घाटात आमच्या कुसुमला, म्हणजे बायकोला, उलट्या सुरू झाल्या, तिच्या पाठोपाठ मला. आई मात्र खिडकीशी ताठ बसलेली, मांडीवर टँकरच्या पाण्याने भरलेली कळशी. घरी ठेवायला तयारच नाही. "शेजारनीचा काय भरवसा न्हाई!" दर वळणाला ते पाणी माझ्याच पायजम्यावर सांडत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हर्णैला उतरलो तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं.

किनाऱ्यावर गेलो. मागे डोंगर, लांब समोर पाण्यातला जुना किल्ला, आणि मधे... चिखल! जिकडे बघावं तिकडे चिखल, आणि त्यात कलंडलेल्या होड्या. आईने कपाळावर हात मारून घेतला.

"ह्योबी आटला की रं!"

"अगं, ही ओहोटी आहे. संध्याकाळपर्यंत पाणी परत येतं."

"व्हय, व्हय. पाऊस येतो, पाऊस येतो, ह्येबी दोन वर्सं ऐकतोय आमी!"

आणि ती खरंच रडायला लागली. जवळच एक कोळीण मासळी वाळत घालत होती. आईने उरलेल्या पाण्याची कळशी तिच्यापुढे धरली. "घे बाई. तुमचंबी पानी गेलं. घोटभर पी, पोरांनाबी दे." कोळणीला हसू आवरेना. "आजी, येईल हो तो परत," म्हणत तिने सासू-सुनेला आपल्या ओटीवर सावलीत नेऊन बसवलं.

मी मात्र पेटलो. सख्ख्या आईचा माझ्या धड्यावर विश्वास नाही! तिला हाताला धरून पुन्हा किनाऱ्यावर आणलं आणि छत्रीच्या टोकाने वाळूत पृथ्वी काढली, चंद्र काढला. आई शांतपणे म्हणाली, "चित्र झ्याक हाय. पानी कुठंय?" म्हटलं, जाऊ दे, मरू दे! ती ओटीवर परतली. मी जवळच्या होडीत वळकटी पसरली, चपला खाली वाळूवर नीट जोडीने काढल्या (घरचं वळण!) आणि आडवा झालो. भरती येणार म्हणून ठासून सांगणारा मी, नेमका भरतीच्या वाटेत झोपलो!

जाग आली तेव्हा सगळं हलत होतं. मला वाटलं, अजून एस.टी.तच आहे. डोळे उघडले तर चारी बाजूंनी पाणी! चपला गेल्या, पृथ्वी गेली, चंद्रही गेला. मी डोलकाठीला मिठी मारून बोंब ठोकली, "वाचवा! बुडालो! आई गं!"

"अहो, किती हाका मारल्या!" किनाऱ्यावरून कुसुम ओरडली. "एकदा झोपलात की ढोल वाजवले तरी तुम्हाला जाग येत नाही!"

आई गुडघाभर पाण्यात उभी होती. लुगडं चिंब, आणि दोन्ही हातांनी पाणी उडवत लहान पोरीसारखी हसत होती. "आला रं, आला! लई पानी! लई!" खरं सांगतो, बुडता बुडताही मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात कोळणीचा नवरा खेकसला, "मास्तर, उतरा की खाली! कमरेएवढंच पाणी आहे!"

अख्खं बंदर बघायला जमलं होतं. मी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि उडी टाकली. कमरेएवढंच होतं.

आईने कळशी समुद्राने भरून घेतली. परतीच्या घाटात तीही निम्मी माझ्याच अंगावर सांडली. तिसगावात आठवडाभर लोक कळशीत बोट बुडवून चाखायला येत होते, आणि विचारत होते, समुद्र केवढा खोल असतो? आई सांगायची, "लई न्हाई. आमच्या गुरुजीच्या कमरेएवढा. त्यानं सोता आत उतरून मोजलाय, बोंबलत!"

सहामाहीच्या पेपरात मी नेहमीचा प्रश्न घातला : भरती म्हणजे काय? सबंध वर्गाने एकच उत्तर लिहिलं : 'समुद्राचे पाणी गुरुजींच्या कमरेपर्यंत येते, त्यास भरती म्हणतात.'

मी गुपचूप सगळ्यांना पूर्ण गुण दिले.