निळ्या दारावरची फुली

पूल ओलांडला तशी बाईंनी पावलं मोजायची थांबवली. शाळेपासून त्या तोंडातल्या तोंडात मोजत होत्या आणि मी शेजारून चालत होते.

मुलं त्यांना दिशाबाई म्हणत. तिसरीला भूगोल शिकवता शिकवता त्यांच्या तोंडून डावं-उजवं पार गेलं होतं. "शिपाईदादा, खुर्ची जरा उत्तरेला सरकवा," म्हणायच्या. दादाही विचारायचे, "आणि चहा कुठल्या दिशेला ठेवू?" सदतीस वर्षं त्यांचा पहिला धडा एकच: घर ते शाळा, ज्याचा त्याने काढलेला नकाशा. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या आणि वर्ग माझ्याकडे येणार होता.

"हे बघ," त्या थांबल्या. लाकडाची वखार, पिठाची गिरणी, मध्ये मोकळी जागा. नुसतं गवत.

"माझं पहिलंच वर्ष. एका मुलीने इथे घर काढलं. निळं दार, तीन पायऱ्या. मी रोज इथूनच यायचे. म्हटलं, इथे घर कुठंय गं? लाल पेनाने फुली मारली. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. हजेरीपटात पत्ता बघितला, तर हाच."

पिशवीतून त्यांनी कागदांची गुंडाळी काढली. दर वर्षीचा एक. मुलं वेगळी, अक्षरं वेगळी. पण सगळ्यांत वखार आणि गिरणीच्या मध्ये निळं दार, तीन पायऱ्या. आणि दारावर लाल फुली, मुलांनीच काढलेली.

मी मनात देवाचं नाव घेतलं. "मुलांना विचारलं नाहीत?"

"विचारलं की. म्हणतात, बाई, फुली दारावरच आहे."

"मग बरोबरची खूण करून टाकायची."

"केली गं. पुढच्या वर्षी फुली आणखी जाड. माझ्या हातची ती, माझ्या हाताने जात नाही."

वारा अजिबात नव्हता. गवतात एकामागे एक तीन आडव्या पट्ट्या दबलेल्या होत्या. मी बघतेय हे बाईंनी ओळखलं. त्यांनी स्वतः तिकडे मान वळवली नाही.

"आता वर्ग तुझा," त्या म्हणाल्या. "नव्या वर्षी कुणी ते घर काढलं, तर बरोबरची खूण कर. खाली लिही, बाईंचं चुकलं होतं. आणि कागद इथे पहिल्या पायरीवर आणून ठेव. तू स्वतः ये हं. पोरांना पाठवू नकोस."