डाव्या पायाचं चौथं बोट

मुलगी झाली तेव्हा धरणगावच्या आमच्या घरात आधी तिचं नाक बघितलं गेलं, मग रंग, आणि मग डाव्या पायाचं चौथं बोट. त्यावर मुगाएवढी गुलाबी गाठ होती. त्यानंतर कुणाला तिच्या नाकाचं काही पडलं नव्हतं.

भेटायला आलेली प्रत्येक बाई दुपट्यातून पाय बाहेर काढायची, गाठ दाबून बघायची आणि आपला उपाय सांगायची. माझे कान किटले. शेवटी मी पोरीला मोजे घालायला लागले, तर एवढ्या उन्हात मोजे कसले, म्हणून पुन्हा बोलणी.

धुळ्याच्या एका डॉक्टरांनी गाठ कापून काढली. आम्ही पेढे वाटले. जखम भरून थोडे दिवस गेले नाहीत तोच त्याच बोटावर गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी. मी पार खचले. मग जळगावच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी रिपोर्ट वाचले, बोट हलवून पाहिलं.

"गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. पण कापली की पुष्कळदा परत येते. बहुतेक मुलांत काही वर्षांत आपोआप जिरते. बोट वाकायला लागलं तर बघू. तोवर दाखवत राहा आणि दुसरं काही करू नका."

हे ऐकायला सोपं होतं. घरी सासूबाईंना पटेना. "काहीच करानं नही? हाई कसं औषध शे, माय?" खरं सांगायचं तर मलाही हेच वाटत होतं. डॉक्टरांनी गोळी दिली असती, निदान मलम दिलं असतं, तर हातांना काम तरी मिळालं असतं.

श्रावणात घरात कानबाई देवी बसली. रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणासाठी, सगळी भाऊबंदकी आमच्याकडे जमलेली, मी चुलीपुढे पुरणपोळ्या करतेय आणि सासूबाईंच्या मांडीवर पोरगी रडतेय. उकाड्याने रडत असेल, असं सगळेच म्हणाले. रडणं थांबेना तेव्हा मी उठून तिचा मोजा काढला. बोट जांभळं पडलं होतं. गाठीच्या बुडाशी काळा केस करकचून बांधलेला, कातडीत रुतलेला. मोज्याच्या आत तो कुणाला दिसणार!

चामखीळ पाडायला बांधतात तसा, वरातीच्या घोडीच्या शेपटीचा केस. सासूबाईंनी तो कानबाईपुढे ठेवून, हळद लावून बांधला होता.

"मी चाकू थोडाच लावा! केस बांधा फक्त. बठ्ठा लोके बांधतस."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले. गावातल्या डॉक्टरांनी भिंग लावून केस कापून काढला. बोट वाचलं. घरी आल्यावर सासूबाई कोपऱ्यात बसून रडत होत्या आणि माझ्यात त्यांना समजावण्याचंही त्राण नव्हतं.

पुढे मी नुसती थांबले. दर खेपेला जळगावच्या बसमध्ये बसायचं, दाखवायचं, परत यायचं. पोरगी चालायला लागली, अंगणवाडीत गेली. गाठ कधी मऊ पडली, कधी सपाट झाली, ते मला सांगता येणार नाही. एक दिवस आंघोळ घालताना ती हाताला लागली नाही.

सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, घोडीच्या केसाने गुण आला.

मागच्या आठवड्यात हे ऐकून एरंडोलहून नात्यातली एक सून आली, कडेवर तान्हं बाळ. बाळाच्या करंगळीवर तशीच गुलाबी गाठ. सासूबाई आत जाऊन कागदाची पुडी घेऊन आल्या. पुडीत काय असणार ते मला ठाऊक होतं. भांडायची ताकद नव्हती. मी माझ्या पोरीला हाक मारली, तिचा पाय त्या सुनेच्या मांडीवर ठेवला.

"हा वण कापल्याचा," मी म्हटलं. "ही बारीक गोल रेघ केसाची. आता गाठीची खूण शोध."

तिने बोट उजेडाकडे वळवून पाहिलं. सासूबाईही चष्मा लावून वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. गाठीची खूण कुठेच नव्हती.

"मंग नुसती वाट दखानी का?" सुनेने विचारलं.

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी पुडी कनवटीला खोचली आणि म्हणाल्या, "हां माय. पहिले जळगावले दखाड. मंग वाट दख."