विमलताईंचे सत्तावीस पैसे

मारेगावच्या बाजारात पैसे म्हणजे पैसे. विमलताई ठावरींच्या गावात मात्र दसरा झाला की पैसे वावरात मोजतात. पीक पूर्ण आलं तर रुपया, निम्मं आलं तर पन्नास पैसे. आणि पन्नासच्या खाली गेलं तरच शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. विमलताईंच्या सासऱ्यांना हे सगळं आण्यांत पाठ होतं. वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभे राहून ते सांगायचे, "बारा आणे म्हंजे पोट भरून बियाणं उरते. आठ आणे म्हंजे नुसतं पोट. चार आणे म्हंजे बियाणं बी वावरातच."

ही मोजणी म्हणजे पैसेवारी. तिच्या समितीत एक बाई लागते, म्हणून तीन वर्षांपूर्वी विमलताईंना घेतलं. काम एकच, बोट ठेवतील तिथे सही. मोजणीची दोरी दरवर्षी सरपंच घनश्यामच्याच वावरात पडायची, कारण तहसीलमधून येणाऱ्या साहेबांची गाडी तिथपर्यंतच जाते. यंदा अर्ध्या गावाचं सोयाबीन नाल्याच्या पाण्यात बसलं होतं. तरी साहेबांनी रस्त्यालगत दोरीने चौकोन आखून त्यातलं पीक कापून घेतलं, तोललं, त्रेसष्ट पैसे लिहिले आणि पेन पुढे केलं.

विमलताईंनी ते घेतलं नाही. "वाईट वावर बी मोजा लागते. नियम वाचून आली मी."

"ताई, हा नुसता आकडा असतो."

"नुसताच असन, तं माही सही कायले पायजे?"

साहेब घड्याळ बघू लागले. विमलताईंनी दोरी उचलली आणि नाल्याकडे निघाल्या. राग साहेबांचा कमी आणि स्वतःच्या तीन सह्यांचा जास्त होता. घोटाभर चिखलात त्या एकट्याच उभ्या राहिल्या. एका माणसाने चौकोन आखला जात नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण आता मागे फिरल्या असत्या, तर जन्मभर सहीपुरत्याच उरल्या असत्या.

शेवटी घनश्यामनेच बूट काढले. त्याचंच पीक कागदावर मिरवत होतं, तरी तो चिखलात उतरला.

"थांब वो काकू. दुसरं टोक मी धरतो."

तिथलं पीक कापून तोललं, ते भरलं सत्तावीस पैसे. दोन्ही वावरांची सरासरी पंचेचाळीस. साहेबांनी त्रेसष्ट खोडले, पंचेचाळीस लिहिले आणि कागद पुढे केला.

विमलताईंनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"ताई, उशीर होतोय," साहेब म्हणाले.

"होऊ द्या," विमलताई म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या.